दोन पंगतींमधलं भाषण

कळंबा, कोल्हापूर
९ जानेवारी २०२५

दीपा,

'प्रिय' मुद्दाम लिहिलेलं नाही.

फोन तू उचलत नाहीस. मेल पाठवली की तू प्रवासात असल्याचं आपोआप उत्तर येतं. दिवाळीपासून माणूस प्रवासात कसा असेल? बेंगळुरूला गेलीस की चंद्रावर? म्हणून हा कागद. पोस्टमन तुझ्या टेबलावर ठेवेल आणि उघडला नाहीस तरी समोर पडून तुला टोचत राहील. तेवढं झालं तरी मला पुरे.

कामाचं आधी सांगते. दिल्लीच्या पैशावर चाललेला प्रकल्प मार्चअखेर संपतोय. मुदतवाढ नाही असं स्पष्ट कळवलंय. म्हणजे एप्रिलपासून आपली विषाची खोली बंद. रविवारची शाळा कशीबशी चालेल, पोरांना सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवायला फार काही लागत नाही. पण घोणशीच्या विषाचं काम एकदा थांबलं की ते पुन्हा कोण सुरू करणार? मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि तू प्रवासात.

उसाच्या फडात घोणस चावली की दवाखान्यात जे औषध मिळतं ते दूरच्या मुलखातल्या सापांच्या विषावरून बनलेलं असतं. आपल्याकडच्या घोणशीवर ते कमी पडतं हे आकड्यांनी दाखवून द्यायचं, म्हणजे औषध बनवणाऱ्यांना इकडचं विष घ्यायला लावता येईल. हे तुला सांगायची काही गरज नाही. पण सध्या दिवसातून इतक्या जणांना सांगते की हात सवयीनं लिहून गेला.

आपल्या संस्थेच्या अध्यक्षांनी, विजयसिंहांनी, उपाय काढलाय. फंडरेझिंग डिनर! मुंबईला असंच करतात म्हणे. "मॅडम, नुसता अर्ज दिला तर लोक चहा पाजून वाटंला लावत्यात. जेवायला घाला, मग बघा हात कसा खिशात जातोय." पत्रिका छापूनसुद्धा आल्या, सोनेरी अक्षरांत. 'जीववैद्यकीय संशोधन आणि विज्ञानशिक्षण गौरव सोहळा व स्नेहभोजन, ८ फेब्रुवारी, रात्री ८ वाजता.' मी मान डोलावली. पत्रिका वाटायला घेतल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपण बोलावतोय कुणाला? उद्यमनगरातले आणि शिरोलीतले फौंड्रीवाले. त्यातले निम्मे जैन. सूर्य मावळल्यावर ज्यांच्या घरात चूल पेटत नाही त्यांना आपण रात्री आठला जेवायला बोलावलंय!

पहिला फोन तुझ्या वडिलांचा. "बाई, पत्रिका मिळाली. छान हाय. पर आठला मी झोपाय जातोय, तुम्ही जेवाय कुठं बोलवताय?" ते हसत नव्हते. अण्णासो कधी हसतात ते मला अजून ओळखता येत नाही.

तू असतीस तर पत्रिका छापण्याआधीच ओरडली असतीस. नव्हतीस. तू गेलीस वार्षिक अहवालातल्या एका ओळीवरून. 'चाचणीत वापरलेले उंदीर मरतात' ही ओळ तुला हवी होती, विजयसिंहांना नको होती, आणि मी मधे बसले होते. ओळ गेली आणि तिच्यामागोमाग तू गेलीस. ओळीचं मला काही वाटत नाही.

पूर्णिमाताई


२० जानेवारी

दीपा,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की मी खिडकीशी जाते आणि मग स्वतःवरच चिडते.

जेवणाचा तिढा सुटला, म्हणजे अजून गुंतला. अध्यक्षांना म्हटलं, वेळ अलीकडे घ्या. तर डॉक्टर मंडळी ओपीडी संपल्याशिवाय हलत नाहीत, म्हणजे नऊ. मग दोन पंगती ठरल्या. पहिली साडेपाचला, दिवस असताना, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य. दुसरी नऊनंतर, डॉक्टरांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी, तांबडा-पांढरा रस्सा. मी म्हटलं, त्या एका दिवशी तरी मटण नको. विजयसिंह माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना मिशी काढायला सांगितली. "मॅडम, कोल्हापुरात डॉक्टरला बोलवायचं आणि दोडक्याची भाजी वाढायची? तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय आमाला." शेवटी वेगळे आचारी, वेगळी भांडी आणि मधे कनात.

आणि दोन पंगतींच्या मधे काय? भाषणं. म्हणजे मी बोलायला उभी राहीन तेव्हा अर्धे लोक जेवून पेंगत असतील आणि उरलेले भुकेनं घड्याळ बघत असतील. आयुष्यात एकदा आपल्या कामाचं कौतुक होणार, तर ते असं.

रविवारच्या शाळेची पोरं नाटुकलं बसवतायत. साप चावल्यावर काय करायचं, काय करायचं नाही. तालमीच्या हॉलमध्ये तालीम ठेवली की शिवाजी पेठेतली फुटबॉलची मॅच निघते. मॅच निघाली की विज्ञान गेलं उडत. नाटुकल्यात घोणस झालेली मोना एकटी वेळेवर येते आणि सगळ्यांना चावायला धावते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण काल विजयसिंहांनी माझ्या स्लाइड बघितल्या. एका चित्रात पिंजऱ्याचा कोपरा दिसत होता, ते चित्र काढायला लावलं. जिथे जिथे 'उंदीर' होतं तिथे 'प्रारूप' करायला लावलं. "समोर कोण बसणाराय बघा की. अण्णासो पैल्या खुर्चीत. त्यांच्यासमोर उंदीर मारतोय म्हणून सांगणार?" मी म्हटलं, त्यांची स्वतःची मुलगी हेच काम करत होती. तर म्हणाले, "म्हणूनच."

हो, मी बदललं. तू मान उडवलीस ती मला इथून दिसली. पण ऐकून घे. तू जी चाचणी शोधत होतीस, उंदीर न घेता, काचेच्या नळीत रक्त गोठतं का नाही ते बघून औषधाचा जोर ठरवायचा, ती तू अर्धी टाकून गेलीस. नळीतले निकाल उंदरांच्या निकालांशी जुळतात हे दाखवायचं काम अर्धं झालेलं, उरलेलं मला जमत नाही. माझे हात त्या कामाचे नाहीत, माझी नळी कधी गोठते कधी रुसते. परिणाम काय? तू असताना जेवढे उंदीर लागत होते त्याहून आता जास्त लागतात. उंदरांसाठी भांडून गेलीस आणि तुझ्या जाण्यानं त्यांचीच संख्या वाढली. हे बोलायला समोर कुणी नाही, म्हणून रोज मनात तुझ्याशी भांडते.

पू.


३ फेब्रुवारी

दीपा,

पत्रिकेवरची वेळ पेनानं खोडून साडेपाच केली आणि पत्रिका पुन्हा घरोघर दिल्या. तुमच्याकडे स्वतः गेले. तुझी आई पद्मावतीकाकू दारातच म्हणाली, "या की आत, उन्हाचं आलाय." पाणी दिलं, शेंगाचे लाडू दिले. मग माझ्या शेजारी बसून हळूच, "दीपा येळंला जेवती का तिथं?" मी काय सांगणार? म्हटलं, जेवते. खोटं की खरं ते तुला माहीत.

अण्णासो झोपाळ्यावर बसले होते. पत्रिका चष्मा लावून पूर्ण वाचली, मागचा कोरा भागसुद्धा बघितला. "येतो," एवढंच म्हणाले. तुझं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. तुमच्यात काय झालं ते मला ठाऊक नाही. विचारायचंही नाही. पण भिंतीवर तुझा पीएचडीचा फोटो आहे आणि त्यावर धूळ नाही, हे मी बघितलं.

बनाबाई कार्यक्रमाला येणार आहे. वडणग्याची, तुझ्या काळात दवाखान्यातून जिचे रक्ताचे नमुने आणले होते ती. दोन वर्षं झाली घोणस चावून, अजून पाय घोट्यापाशी सुजतो. अध्यक्षांना ती स्टेजवर हवी आहे. ती मला म्हणाली, "मॅडम, मला जेवाय बोलवलंय का दाखवाय?" मग तीच म्हणाली, "दोनी असलं तरी चालतंय. पर जेवाण आधी."

पू.


९ फेब्रुवारी, रविवार

दीपा,

झालं एकदाचं. सगळं सांगते. माझ्या डोक्यातून ते जात नाही आणि इथे ज्यांनी ते बघितलं त्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोलत नाही.

पहिली पंगत सुंदर झाली. खरं म्हणते. तलावाकडच्या लॉनवर ऊन उतरलेलं, गव्हाची खीर, चवळीची उसळ, ताक. मंडळी 'जय जिनेंद्र' करत आली, मावळतीकडे नजर ठेवून जेवली आणि दिवस बुडायच्या आत हात धुऊन खुर्च्यांवर बसली. बनाबाई त्याच पंगतीत जेवली, खीर दोनदा घेतली. मला वाटलं, जमतंय.

मग कनातीपलीकडे पांढऱ्या रश्श्याला फोडणी बसली. वारा नेमका आमच्याकडे. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर नाकाला लावले. डॉक्टर मंडळी एकेक करून यायला लागली आणि वास घेऊन प्रसन्न झाली. मधे स्टेजवर पोरांचं नाटुकलं. मोना ज्याला चावायचं त्याला सोडून मांत्रिकालाच चावली, लोक पोट धरून हसले, टाळ्या पडल्या. तेवढ्यापुरता मला विजयसिंहांचाही राग आला नाही.

मग बनाबाई. अध्यक्षांनी माइक हातात दिला आणि कानात काहीतरी सांगितलं, आभार मानायला असणार. तिनं माइक तोंडापासून लांब धरला, तरी ऐकू आलं. "मी वाचले. माझ्याबरूबर त्याच फडात, त्याच सालात, आमच्या जावंला चावलं. दवाखाना त्योच, औषीद तेच. ती न्हाय वाचली. का ते मला कोण सांगत न्हाय. ह्या मॅडम म्हणत्यात त्या हुडकाय लागल्यात. तर हुडकूंद्यात त्यास्नी." आणि खाली उतरली. आभार मानलेच नाहीत.

त्यानंतर माझं भाषण. प्रारूप म्हणाले, विश्लेषण म्हणाले, मूल्यमापन म्हणाले. माझंच मला ऐकवेना. लोक जांभया देत होते. संपवून बसणार, एवढ्यात अण्णासो उभे राहिले. त्यांच्यापुढे माइक न्यायला कुणीतरी धावलं, त्यांनी हातानं नको म्हटलं.

"बाई, एक इचारतो. आता ह्या बाईची जाऊ गेली, तेच औषीद आसून. मग औषीद लागू पडतंय का न्हाय, हे तुमास्नी आधी कळतं कशावरनं?"

विजयसिंहांनी माझ्या हातातला माइक जवळजवळ ओढलाच. "कॉम्प्युटर, अण्णा! सगळं आता कॉम्प्युटरवर आलंय. बटण दाबलं की..."

"मी बाईंना इचारलंय की," अण्णासो म्हणाले.

दीपा, मी शपथेवर सांगते, मी काही शूर नाही. मी हो म्हणणार होते. कॉम्प्युटर म्हटलं असतं तर सगळे खूश, मार्चची चिंता मिटली, दुसरी पंगत बसली असती. पण बनाबाई खाली पहिल्या रांगेत पाय पुढे करून बसली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. मला एकदम संताप आला. तुझा, विजयसिंहांचा, त्या रश्श्याच्या वासाचा. मी माइकशिवायच म्हटलं, "कॉम्प्युटरवर नाही, अण्णा. उंदरांवर. विष आणि औषध मिसळून उंदराला टोचतो आणि बघतो. काही जगतात. काही मरतात. मरायला वेळ लागतो आणि त्यांना त्रास होतो."

कनातीपलीकडे पळीचा आवाज तेवढा येत होता. मग खुर्च्या सरकायला लागल्या. घाईनं कुणी गेलं नाही, चिडूनही कुणी बोललं नाही. एकेक कुटुंब उठून हात जोडून निघालं. हात जोडणं मला सगळ्यात जास्त लागलं. कुणी शिवी दिली असती तर मी उलट बोलले असते.

अण्णासो शेवटी उठले. माझ्याकडे बघितलं, मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि गेले.

दुसरी पंगत जोरात झाली. डॉक्टरांना देणगीपेक्षा रश्श्यात जास्त रस होता. एक जण मटणाची नळी चोखत माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, उंदरासाठी एवढं कशाला मनाला लावून घेता?" मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

विजयसिंह गाडीत बसताना म्हणाले, "एका शब्दानं घालवलंत. मी कुणाकुणाच्या पाया पडून आणलंतं ह्यांना." त्यांचे डोळे भरले होते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या माणसालाही ही खोली टिकायला हवी होती, त्याच्या पद्धतीनं.

तर तुझी ओळ मी बोलून दाखवली. अहवालात बारीक अक्षरात नाही, भर सभेत. आता खोली जाणार. झालं तुझ्या मनासारखं?

पूर्णिमा


१७ फेब्रुवारी

दीपा,

तुझा मेसेज मिळाला. एवढी पत्रं लिहिली, त्यावर उत्तर म्हणून तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. 'अण्णा काय म्हणाले?' माझी खोली जाते, मी सभेत तोंडघशी पडते, त्याचं काही नाही. ठीक आहे. तुला जे हवंय तेच सांगते, सांगण्यासारखं तेच आहे.

शुक्रवारी सकाळी ते इथे आले. न कळवता. रिक्षातून उतरले, पांढरा नेहरू शर्ट, टोपी. चपला पायरीखाली काढल्या. मी म्हटलं, अण्णा, प्रयोगशाळेत अनवाणी चालत नाही, इथे काच असते. तर म्हणाले, "जीव हायत नव्हं आत? मग चपला कशाला?" शेवटी आपल्याकडच्या कापडी पिशव्या पायांना बांधल्या. त्यांना त्या फार आवडल्या नाहीत.

उंदरांच्या खोलीत खूप वेळ उभे राहिले. ओठ हलत होते, णमोकार म्हणत असावेत. मग विचारलं, "खात्यात काय?" मी खाद्याच्या वड्या दाखवल्या. एक वडी हातात घेऊन वास घेतला आणि परत ठेवली. उंदीर जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत होते. मी बाहेर येऊन उभी राहिले. मला ते बघवेना आणि मला बघवत नाही याचीही चीड आली, कारण मी हे रोज करते.

मग ते बाहेर येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "आमच्या फौंड्रीत बी लोखंड वतल्यावर एक तुकडा मोडूनच बघतोय. मोडल्याबिगर आतलं कळत न्हाय." टोपी नीट करत म्हणाले, "पर लोखंडाला जीव नसतोय."

मग आपणहून तुझं बोलणं काढलं. जसं म्हणाले तसंच लिहिते, माझं काही घालत नाही. "पोरीनं मला सांगिटलंतं. जायच्या आदल्या दिशी, देवळातनं आलो तवा. मी सगळं ऐकलं. मला काय बोलावं सुचंना. आमच्या सात पिढ्या पाणी गाळून पेल्या, आणि ही सांगती उंदीर मारतो, माणसं वाचवाय मारतो. चूक म्हणू का बरूबर म्हणू? मी गप बसलो. तिला वाटलं मी रागावलो. सकाळी उठून बघतोय तर गेली."

मी विचारलं, मग त्या दिवशी सभेत विचारलंत कशाला? तुम्हाला तर माहीत होतं.

"मला बघायचं होतं, पोरगी ज्यासाठी गेली ते कोण सांगतंय का न्हाय."

दीपा, मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि फ्रीजला टेकून रडले. आता तूही रडली असशील तर रड. मग पुढचं वाच, कारण पुढचं वाचून तुला माझ्यासारखाच राग येणार आहे.

ते म्हणाले, विषाची खोली बंद करू नका, मी बघतो. इतर चार-पाच जणांशीही बोललेत. जे हात जोडून गेले त्यांतलेच. मी आभार मानायला तोंड उघडलं तर हात वर केला. "एक हाय. ज्या दिशी उंदीर घेणार, त्या दिशी सकाळी मला फोन करायचा. त्या दिशी मी जेवणार न्हाय."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, अण्णा, तुम्हाला शुगरच्या गोळ्या आहेत, तुमचं वय काय! "वय माझं मला म्हाईत हाय." म्हटलं, यानं उंदरांचं काय भलं होणार? "त्यांचं न्हाय व्हणार. माझं व्हईल. पैसा माझा, जीव त्यांचा, आणि मी मटामटा जेवायचं व्हय?" म्हटलं, हा माझ्यावर दबाव आहे. तर शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर कसला? उपाशी मी ऱ्हाणार. तुमचं तुम्ही काम करा की."

मी चिडले, विनवण्या केल्या, डॉक्टरांची भीती घातली. ते पायातल्या पिशव्या सोडत राहिले. शेवटी जाताना टेबलावरचा तुझा नळ्यांचा स्टँड दिसला. तुझं अक्षर ओळखलं त्यांनी, लेबलावरचं. "हे काय?" मी सांगितलं, हे पूर्ण झालं तर उंदीर फार थोडे लागतील, पुढे कदाचित लागणारही नाहीत. "मग पुरं का न्हाय?" मी म्हटलं, करणारी बेंगळुरूला आहे. त्यांनी एका नळीवर बोट ठेवलं, हलक्या हातानं, आणि पायरीशी जाऊन चपला घातल्या.

हा सगळा हिशेब तुझे वडील किती सरळ चेहऱ्यानं मांडून गेले बघ. खोली वाचली म्हणून आनंद करायचा तर तो मला घशाखाली उतरत नाही.

पूर्णिमाताई


६ मार्च

प्रिय दीपा,

चाचणी गेल्या आठवड्यात करायची होती. मी कारणं काढत राहिले. वीज जाईल, वजनकाटा बिघडलाय, मोनाच्या शाळेत मला पाहुणी म्हणून बोलावलंय. काल कारणं संपली. विष आलेलं, त्याची मुदत संपत चाललेली, आणि उसाची तोड अजून चालू आहे. परवाच पन्हाळ्याच्या पायथ्याचा एक माणूस घोणस चावून दवाखान्यात आलाय.

आज सकाळी फोन केला. काकूंनी उचलला. माझा आवाज ऐकूनच त्यांना कळलं. "आज व्हय?" म्हणाल्या. मग मागे वळून, "अवं, फोन हाय." त्यांच्या मागे तव्याचा आवाज येत होता. न्याहारी होत आली असणार.

अण्णासो फोनवर आले. मी म्हटलं, "अण्णा, आज." ते म्हणाले, "बरं." एवढंच. फोन ठेवताना तव्याचा आवाज थांबला.

मी चाचणी केली. हात नेहमीपेक्षा सावकाश चालले. जेवढे उंदीर घ्यायचे ठरवले होते त्याहून कमी घेतले, दोन वेळा हिशेब करून, की याहून एक कमी केला तर निकाल खोटा ठरेल. इतकी वर्षं मी असा हिशेब केला नव्हता. दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकला. मला काही व्रत नाही, मी चिडूनच झाकला. दोनदा वाटलं फोन करून विचारावं, चक्कर येते का, गोळी घेतली का. नाही केला. ते 'तुमचं तुम्ही काम करा' म्हणतील आणि मला ते ऐकायचं नाही.

एप्रिल-मेचं वेळापत्रक समोर आहे. त्यात कामाचे दिवस भरायचे आहेत. पेन्सिल हातात धरून बसले आहे आणि प्रत्येक तारखेवर मला तुमचा झोपाळा दिसतो. विजयसिंह दुपारी आले होते, पाच वर्षांचा आराखडा करा म्हणतात, फार खूश आहेत. त्यांना वाटतं प्रश्न सुटला.

मी तुला अहवालासाठी बोलावत नाही. तुझी ओळ यंदाच्या अहवालात पहिल्या पानावर जाईल, विजयसिंहांनी स्वतः सांगितलंय. माझ्यासाठीही बोलावत नाही, माझं वय भांडण्यात जाईल, जाऊ दे. पण ती नळ्यांची जुळवणी माझ्यानं होत नाही, हे मी तुला चार महिने ओरडून सांगतेय आणि तू ऐकत नाहीस. तू नाहीस तितके दिवस मी उंदीर घेणार. मी उंदीर घेईन तितके दिवस ते जेवणार नाहीत. आणि त्यांच्या घरात दुसरं कुणी त्यांना जेवा म्हणणारं नाही, काकू म्हणत नाहीत, त्या स्वतःही जेवल्या नसणार. मी विचारलं नाही, पण तवा थांबला तेव्हाच कळलं.

खिडकीतून तलावापलीकडे ऊन जाताना दिसतंय. मावळलं. म्हणजे आज काही नाही, आता उद्या उजाडल्यावर.

उद्या सकाळी मी तुमच्या घरी जाणार आहे. ते पहिला घास घेतात की नाही, समोर बसून बघणार आहे, मग इकडे येणार. पुढच्या वेळी हे काम माझं नाही. पुढच्या वेळी तू बस त्यांच्यासमोर.

तुझी
पूर्णिमाताई